महाडची जुनी पेठ

कोकणातले एखादे गाव पाहावयास निघालेला मनुष्य सहसा तीन गोष्टी विचारतो. देऊळ कोठे आहे, किल्ला किती लांब आहे आणि जेवणाची सोय कोठे होईल. गावाची पेठही पाहावयाची असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. पेठेत तो काडेपेटी किंवा छत्री विकत घेतो आणि पुढे चालू लागतो. त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण महाडच्या बाबतीत आमचेही तेच झाले. कामगार संघटनेच्या कामासाठी आम्ही वीस वर्षे महाडला जात-येत होतो. एस. टी. चे स्थानक, तेथून औद्योगिक वसाहत, कारखान्याच्या फाटकासमोरची सभा आणि रात्रीच्या गाडीने परत, एवढेच आमचे महाड होते. २० मार्चला चवदार तळ्यावर जात असू. पण तेव्हाही तळ्याकडे तोंड आणि पेठेकडे पाठ, असेच आम्ही उभे राहिलो.

यामागे आळस होता तसा थोडा अहंकारही होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्री सार्वजनिक वाचनालयात आणि दिवसा गोदामात. जुन्या वाड्यांचे, कोरीव खांबांचे, दगडी ओट्यांचे कौतुक करणारे लेख वाचले की आम्हांस वाटे, हा पोट भरलेल्या लोकांचा छंद आहे. खांब कोरणाऱ्याला मजुरी किती मिळाली, हे त्या लेखांत कोठेच नसे. पेठ म्हणजे व्यापारी आणि व्यापारी म्हणजे समोरचा पक्ष, असा आमचा साधा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा होता, हे ज्या दिवशी कळले त्या दिवसाविषयी आज सांगावयाचे आहे.

२०२२ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. कारखान्यातली पाळी बदलल्यामुळे दुपारची सभा संध्याकाळवर गेली आणि आमच्या हाती चार तास रिकामे आले. पेठेच्या तोंडाशी चहा घेत असता एका वृद्ध हमालाशी गाठ पडली. जन्म या पेठेत ओझी वाहण्यात गेलेला. आम्ही म्हटले, “मामा, तुमची पेठ दाखवा.” ते म्हणाले, “भाऊ, दाखवीन, पण माझ्यासारखं बघावं लागेल. तुम्ही वर बघत चालता, आम्ही जन्मभर खाली बघत चाललो.” पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला घराची गच्ची दिसत नाही. त्याला पायरी दिसते, चढ दिसतो, निसरडा दगड दिसतो. त्या दिवशी आम्ही महाडची पेठ खालून वर पाहिली.

प्रथम एक प्रश्न. ही पेठ येथेच का बसली? महाडहून समुद्र दिसत नाही आणि लाटांची गाजही ऐकू येत नाही. असे असून महाड हे एके काळी बंदर होते. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्री उतरून खाली येते, महाडजवळ गांधारी तिला मिळते आणि पुढे बाणकोटला ती समुद्रास मिळते. बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत चढते. मोठी गलबते दासगावापर्यंत येत आणि लहान होड्या, मचवे भरतीचा फायदा घेऊन महाडपर्यंत पोचत. महाडच्या पुढे नदी उथळ आणि खडकाळ होते, होडी चालत नाही. उलट दिशेने पाहिले तर वरंध घाटातून देशावरचे बैलांचे तांडे उतरत, तेही येथेच येऊन थांबत. म्हणजे पाण्यावरची वाहतूक जेथे संपते आणि पाठीवरची वाहतूक जेथे सुरू होते, त्या सांध्यावर महाड वसले आहे.

माल एका वाहनातून उतरून दुसऱ्यावर चढतो तेथे तो काही काळ थांबतो. थांबलेल्या मालाला छप्पर लागते, म्हणून वखार आली. वखारीला राखण लागते, मोजणारा लागतो, लिहिणारा लागतो. माल थांबला की त्याचा भाव ठरतो, म्हणून दलाल आला. आणि या सर्वांच्या आधी माल उतरविणारा लागतो. व्यापाऱ्याने पेठ वसविली, असे आपण म्हणतो आणि त्यात काही खोटे नाही. परंतु नकाशावर पेठेची जागा भरतीने आणि घाटाने ठरविली, आणि ती जागा उपयोगात आणली ती हमालांनी, तांडेलांनी आणि बैल हाकणाऱ्यांनी. मीठ, सुकी मासळी, नारळ घाटावर चढत. धान्य, गूळ, कापड खाली उतरत. मधल्या प्रत्येक उतारचढीला एक माणूस वाकलेला असे. १७९६ साली पुण्याच्या राजकारणात अडचणीत आलेले नाना फडणवीस महाडास येऊन राहिले, यात आम्हांस आता नवल वाटत नाही. समुद्राची आणि घाटाची, दोन्ही वाटा जेथे जवळ, अशी ही जागा होती.

आता पेठेत शिरू. जुन्या गावात पाट्यांपेक्षा गल्ल्यांची नावे अधिक बोलकी असतात. महाडात सुकट गल्ली आहे. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद असता कोकणातल्या गरिबाच्या भाकरीबरोबर जे असे, ते हे. भोई घाट आहे. भोई म्हणजे पालखीचे ओझे खांद्यावर घेणारे आणि नदीत जाळे टाकणारे लोक. मोठमोठ्या माणसांच्या नावांचे रस्ते नंतर आले. या जुन्या नावांत मात्र गावाने कोणाच्या कष्टावर पोट भरले, त्याची नोंद आपोआप राहून गेली आहे. आम्ही संघटनेची सभासद-वही ठेवतो. ही नावे म्हणजे गावाची सभासद-वहीच होय.

मामांनी आम्हांस एका दुकानासमोर उभे केले. दर्शनी बाजू अरुंद, खोली मात्र लांबलचक, मागच्या अंगणापर्यंत गेलेली. कोकणातल्या बहुतेक जुन्या पेठांत घरे अशीच असतात. रस्त्याला लागून असलेला प्रत्येक हात मोलाचा, म्हणून सर्वांनी तोंड लहान ठेवले आणि पोट मागे वाढविले. पुढे दुकान, मागे कोठार, त्यामागे राहते घर, विहीर आणि मागील दार. भिंत जांभ्या दगडाची. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि वारा लागला की कठीण होतो. दुकानाला लोखंडी शटर नव्हते. उंबऱ्याच्या आणि तुळईच्या खाचेत एकामागून एक सरकविलेल्या लाकडी फळ्या होत्या. सकाळी फळ्या काढावयाच्या, रात्री क्रमाने बसवावयाच्या. फळ्यांवर खडूने आकडे घातलेले. ते काम दुकानातल्या पोऱ्याचे. पोऱ्याची पहिली अंकलिपी ती, असे मामा म्हणाले.

आम्ही जोत्याच्या उंचीकडे बोट दाखविले. जोते एवढे उंच का? शोभेसाठी असावे, असा आमचा समज. मामांनी दोन कारणे सांगितली. एक, पुराचे पाणी. दुसरे कारण आम्हांस कधीच सुचले नसते. ओटा कमरेएवढा उंच असला म्हणजे हमाल पाठ टेकवून पोते ओट्यावर उतरवू शकतो. खाली वाकावे लागत नाही, आणि भरताना उभ्यानेच पाठीवर घेता येते. पोते त्या काळी शंभर किलोचे असे. ज्या दुकानाचा ओटा बेताचा उंच, तेथे हमाल आनंदाने जाई; ज्याचा ओटा फार ठेंगणा, तेथे मजुरीवरून घासाघीस होई. पुस्तकांतून ज्याला आपण वास्तुसौंदर्य म्हणतो त्यातला एक भाग असा कमरेच्या मापाने ठरलेला असतो. आमचा जुना अहंकार उतरला तो त्या ओट्यापाशी.

दुकानाला माळा होता. पूर्वी प्रत्येक जाणता व्यापारी आषाढात खालचा माल माळ्यावर चढवून ठेवी. पुढे माळ्यांचे राहण्याच्या खोल्यांत रूपांतर झाले, माल खालीच राहू लागला. त्याचा परिणाम काय झाला ते पुढे येईल.

या पेठेचा जोर कसा ओसरला, तेही थोडक्यात पाहू. सावित्रीवर १९२८ साली दगडी कमानींचा पूल झाला, मोटारी आल्या, होड्यांचे महत्त्व कमी झाले. खाडीत गाळ साचत गेला. मुंबई-गोवा रस्ता गावाच्या कडेने गेला. १९९३ साली कोकण रेल्वेची पहिली गाडी रोह्याहून वीरपर्यंत आली. महाडचे प्रवासी वीरला उतरू लागले, पण पेठेच्या दारात काही रेल्वे आली नाही. मोठा रोजगार औद्योगिक वसाहतीत गेला. तो जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. माल आता मालमोटारीतून येतो आणि पुष्कळदा गावाबाहेरच उतरतो. सांधा सरकला की पेठही सरकते. यात कोणाचा अपराध नाही. परंतु सांध्यावर राबणाऱ्या माणसाला नवी जागा आपोआप मिळत नाही, हे मात्र आपण विसरतो.

आता तळ्याकडे वळू. पेठेपासून ते दूर नाही आणि पेठेवाचून त्याचा अर्थ पुरता कळत नाही. बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतली माणसे लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे घेऊन येत. त्यांत अस्पृश्य गणलेले स्त्री-पुरुष पुष्कळ. ओझे आणावयास त्यांना वाट मोकळी होती. ओझे उतरविल्यावर घोटभर पाणी मात्र मोकळे नव्हते. गावात तळे होते, नाव चवदार. त्याचे पाणी इतरांना आणि गुराढोरांनाही खुले, आणि यांना बंद. म्हणजे पेठेला त्यांचा घाम चालत होता, तहान चालत नव्हती. या दुःखाला संघटित रूप देण्याची खटपट करणाऱ्यांत याच परिसरातले, दासगावी वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि कामगार चळवळीत आयुष्यभर राहिले. आमच्या व्यवसायातला हा पूर्वज, म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतले.

कायदा तर आधीच झाला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचे ठरविले. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. किमान वेतन आजही कित्येक फाटकांच्या आत जात नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. कागदावरचा हक्क माणसांनी चालत जाऊन घ्यावा लागतो.

१९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेच्या खर्चात एक बाब होती : पाणी, चाळीस रुपये. पाण्याने भरलेले तळे जवळ असता हजारो प्रतिनिधींसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळी गिरणीतल्या कामगाराची महिन्याची कमाई याच्याच आसपास असे. आम्ही अनेक परिषदांचे हिशेब लिहिले आहेत. मंडप, छपाई, प्रवास, जेवण. पाण्याचा असा खर्च आम्हांस कधी लिहावा लागला नाही. तो लिहावा लागू नये, याचसाठी ते लोक आले होते.

दुसऱ्या दिवशी ते शिस्तीने रांगा करून पेठेच्या रस्त्यांनी तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, मागोमाग इतरांनी घेतले. नंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी अफवा पसरली आणि मंडपात परतलेल्या, जेवत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. अन्न मातीत गेले. त्यांच्यात पलटणीत नोकरी केलेले मर्द पुष्कळ होते. परत मारण्याची ताकद होती, संख्या होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. मार खाल्लेल्या माणसांना रोखून धरणे किती कठीण असते, हे संप चालविणाऱ्यालाच ठाऊक. तळ्याच्या पाण्याइतकेच त्या संयमाचेही मोल आम्ही मानतो.

पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा गुदरला, आणि २५ डिसेंबर १९२७ ला येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेला हिंदू मालकांकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. याचीही नोंद पेठेच्या इतिहासात असावी. दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. अनादि काळापासूनची म्हणून सांगितलेली वहिवाट पुराव्याने उभी राहिली नाही. ज्यांना जुने म्हणून सर्वच जपावेसे वाटते त्यांनी हा निकाल ध्यानी ठेवावा. जुने काय होते, हे तपासावे लागते. त्यांतले काही जपावयाचे असते आणि काही मोडावयाचे असते. महाडला ओटाही जुना आणि बंदीही जुनी होती. ओटा राहिला, बंदी मोडली. म्हणून ती पेठ आज सर्वांनी पाहण्याजोगी झाली.

आता २२ जुलै २०२१ कडे येतो. त्या एका दिवसात महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी सावित्रीने खाली आणले. समुद्राला भरती असली की पुराला खाली वाट मिळत नाही. पाणी तुंबते आणि गावात चढते. जी भरती एके काळी होड्या घेऊन येई आणि पेठ पोशी, तीच पुराला अडवून पेठ बुडविते. गाळाने नदीचे पोट लहान झालेले, त्यामुळे बुडणे अधिक खोल. त्या दिवशी दुकानांत पुरुषभर उंचीच्या वर पाणी होते. माळे रिकामे होते, माल खाली होता. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली.

आम्ही चार दिवसांनी मदत घेऊन गेलो होतो. यादी आमच्याच हातात होती. दुकानदारांची नावे, कारखान्यातल्या बुडालेल्या घरांच्या कामगारांची नावे, सारे नीट. मामांना आम्ही त्या दिवशी तळ्याच्या पायरीवर बसून हे सांगत होतो, थोड्या अभिमानानेच. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “भाऊ, त्या यादीत आम्ही होतो का?” आम्ही आठवून पाहिले. नव्हते. दोन महिने पेठेत माल आला नाही, म्हणजे दोन महिने हमाली नव्हती. फळ्या काढणाऱ्या पोऱ्याचा पगार नव्हता. टोपलीत सुकट घेऊन बसणारीची टोपली वाहून गेली होती. दुकानाचा पंचनामा होतो, घराचा होतो. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. सरकारी यादीत त्यांना जागा नव्हती, हे आम्ही भाषणात सांगू शकलो असतो. परंतु आमच्या यादीतही नव्हती. १९६९ चा माथाडी कायदा आम्हांस तोंडपाठ, आणि माथ्यावर ओझे घेणारा मनुष्य आम्ही विसरलो. मामा रागावले नाहीत. “तुम्ही पण वरच बघत होता,” एवढेच म्हणाले. त्यांचा तो शब्द आम्हांस अद्याप टोचतो.

पुरानंतर महाडात आणि इतरत्रही दोन मते ऐकू आली. एक मत म्हणे, जुनी पेठ सोडून द्यावी, उंचावर नवे बाजारसंकुल बांधावे. दुसरे म्हणे, जुनी घरे सावरावीत, रंगवावीत, म्हणजे रायगडला जाणारे प्रवासी थांबतील. नदीतला गाळ काढण्याची मागणी महाडकरांनी लावून धरली, आणि ते काम हाती घेतलेही गेले. ते योग्यच झाले. पण वरच्या दोन्ही मतांना आमचा एकच प्रश्न आहे. तुमच्या नव्या संकुलात हमालाला ओझे टेकण्यास ओटा आहे काय? तुमच्या रंगविलेल्या पेठेत सुकट विकणारीला बसावयास जागा आहे काय? नसेल तर पहिल्याने पेठ हलविली असे होत नाही आणि दुसऱ्याने ती जपली असे होत नाही. दोघांनी मिळून फक्त इमारतींची व्यवस्था लावली, असे होईल. माळे पुन्हा मालासाठी मोकळे करणे, पूर येण्याआधी माल चढविण्यास हमालांची टोळी नेमून तिला वेळेवर दाम देणे, आणि पंचनाम्याच्या कागदावर दुकानाच्या नावाखाली तेथे राबणाऱ्यांची नावेही लिहिणे, ही कामे लहान आहेत. ती कोणत्याही गावास आज करता येतील.

आम्ही त्यानंतर पेठेतल्या हातमजुरांची एक वही केली. तिच्यात पहिले नाव मामांचे घातले. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून अंगठा. पुढचा पूर येईल तेव्हा यादी त्या वहीवरून होईल.

आपल्याही गावात अशी एखादी जुनी पेठ असेल. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना तिच्यातून जा. गल्लीचे नाव वाचा आणि ते कोणाच्या धंद्यावरून पडले ते विचारा. ओट्याची उंची कमरेला लावून पाहा. गावचा पाणवठा कोणाला केव्हा खुला झाला, ते वडीलधाऱ्यांना विचारा; उत्तर देताना कोणी अडखळले तर रागावू नका, पण विचारणे सोडू नका. आणि शेवटी, दुकानाच्या फळ्या लावून सर्वांत उशिरा घरी जाणारा जो पोऱ्या असेल, त्याला त्याचे नाव विचारून ठेवा.